अर्धवट भरलेला तक्ता

हिंगणघाटची बातमी आली नाही, असं नागपूरच्या जिल्हा डेस्कनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वर्ध्याच्या कार्यालयात कोणी ते फारसं मनावर घेतलं नाही. तालुक्याची बातमी न यायला फार मोठं कारण लागत नाही. वार्ताहर लग्नाला गेलेला असतो, फोन बंद पडलेला असतो, कधी बातमीच नसते. तिसऱ्या आठवड्यात मात्र डेस्कप्रमुखांनी फोनवर तारखा वाचून दाखवल्या. त्या सगळ्या तारखांना पुलगावची बातमी वेळेवर आली होती आणि हिंगणघाटची आलीच नव्हती.

"शेठ दुकानात रमले," ते म्हणाले. "लग्नसराई आहे. माणूस कापड विकेल का बातमी देईल?"

हिंगणघाटचे वार्ताहर पन्नाशी ओलांडलेले होते. बाजारात त्यांचं वडिलोपार्जित कापडाचं दुकान. दुपारी दुकान भावाच्या हवाली करून ते मागच्या खोलीत संगणकावर बसत आणि दिवसभरात गोळा केलेलं टाइप करत. कापसाच्या जिनिंगमधली आग, महामार्गावरचा अपघात, वेणा नदीचं पाणी, नगरपालिकेची सभा. या कामाचं मानधन नावापुरतंच होतं. पण त्यांच्याकडे आमच्या दैनिकाचं ओळखपत्र होतं, तहसील कार्यालयात त्यांना बसायला खुर्ची मिळे, आणि दुकानात कापड घ्यायला न आलेली माणसंही अर्ज घेऊन येत. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं. डेस्कला ते आता थांबवायचं होतं.

मी वर्ध्याला उपसंपादक म्हणून लागलो तो काळ नव्वदच्या दशकाचा मध्य. तेव्हा तालुक्याच्या बातम्या एसटीनं येत. पाकीट कंडक्टरच्या हाती दिलं जाई आणि वर्ध्याच्या स्टँडवर आमचा माणूस ते उतरवून घेई. नंतर फॅक्स आला. दोन हजार सालानंतर तालुक्यांत संगणक पोचले आणि बातमी मोडेमवरून, टेलिफोनच्या तारेनं यायला लागली. त्यात एक अडचण होती. प्रत्येक गावचा संगणक वेगळ्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचा आणि नागपूरच्या छापखान्याला तिसराच फॉन्ट लागायचा. मधलं रूपांतर करणारा प्रोग्राम मी लिहिला. तो लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. कार्यालयात संगणकाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला दुसरा माणूस नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

कार्यालयात टेलिफोनच्या दोन लाइनी होत्या, दोन मोडेम आणि एक जुना संगणक. दोन गावांच्या बातम्या एकाच वेळी घेता याव्यात म्हणून प्रोग्रामचे दोन धागे केले होते, ज्यांना त्या भाषेत थ्रेड म्हणतात. एक थ्रेड एक लाइन सांभाळी, दुसरा दुसरी. बातमी पूर्ण आली की पाठवणाऱ्याला पावती क्रमांक जाई. त्यानंतर रूपांतर होई आणि बातमी नागपूरला रवाना होई.

डेस्कनं तारखा वाचून दाखवल्यावर मी हिंगणघाटला फोन केला.

"काका, कालची बातमी?"

"काऊन? आली नाई का? मी तं पाठवली भाऊ. पावती नंबर आहे माह्यापाशी. सांगू?"

त्यांनी नंबर सांगितला. तो बरोबर क्रमानं होता. मी "बघतो" म्हणालो आणि काही बघितलं नाही. पावती आहे म्हणजे काहीतरी आलं असणार, कदाचित कोरी फाइल आली असेल, असं मी ठरवून टाकलं. माणूस दमलेला असला की जे सोपं तेच खरं धरतो. त्या वर्षी आम्ही सगळे दमलेलो होतो. दिवसाचे सहा-सात तास वीज नसे. जिल्ह्याची पानं संध्याकाळी सहाला बंद होत, आणि वीज चारला येई.

वीज नसणं म्हणजे भारनियमन, म्हणजे लोकांच्या तोंडी लोडशेडिंग. त्याचं वेळापत्रक आठवड्याला फिरायचं. एक आठवडा सकाळी वीज जायची, पुढच्या आठवड्यात दुपारी. दुपारच्या आठवड्यात वर्ध्याचा संगणक चारला सुरू होई आणि तोपर्यंत सगळे तालुके बातम्या तयार ठेवून बसलेले असत. या गर्दीत घोळ होऊ नये म्हणून मी सगळ्या वार्ताहरांना एक सूचना दिली होती: चार वाजले की तीन मिनिटं थांबा, मशीन पुरती सुरू होऊ द्या, मग नंबर फिरवा.

पुलगावचे वार्ताहर एका सायबर कॅफेतून बातमी पाठवत. तिथल्या संगणकाला पुन्हापुन्हा नंबर फिरवायला लावून ते चहा प्यायला जात. सूचना त्यांनी ऐकली नव्हती, पण आमची मशीनच तीन मिनिटांच्या आत फोन उचलत नसल्यानं त्यांची लाइन बरोबर तिसऱ्या मिनिटाला लागे. हिंगणघाटचे काका घड्याळ लावून बसत. त्यांचीही लाइन तिसऱ्या मिनिटालाच लागे.

हे दोन फोन एकाच मिनिटाला येतात, याचा मी विचार केलेला नव्हता.

कार्यालयात पानं जुळवणाऱ्या एक ऑपरेटर होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. घरी नळाचं पाणी मोटरनं चढवावं लागे, म्हणून त्या टेबलावरच्या कॅलेंडरवर रोजच्या लोडशेडिंगच्या वेळा पेन्सिलीनं लिहून ठेवत. पुढच्या फोनवर मी काकांना जरा चढ्या आवाजात बोललो तेव्हा त्यांनी मान वर केली.

"साहेब, तुम्ही त्या काकाले काऊन बोलून राह्यले? दुपारची लाइट जाते न, त्याच हप्त्यात त्यांची बातमी जाते. सकाळची जाते तेव्हा येते बराबर."

"तुम्हाला कसं कळलं?"

"क्यालिंडर पाहा न. मी काय सांगू, तुमीच शिकलेले."

मी डेस्कनं दिलेल्या तारखा कॅलेंडरवर धरून पाहिल्या. एकही तारीख सकाळच्या आठवड्यातली नव्हती. मग संगणकात गेलो. तिथे मीच तयार केलेला एक कप्पा होता, 'नंतर पाहू' नावाचा. रूपांतर करताना काही बिनसलं तर प्रोग्रामनं बंद पडू नये म्हणून मी त्याला सांगून ठेवलं होतं की ती बातमी या कप्प्यात टाक आणि पुढे चल. हा कप्पा मी केव्हापासून उघडला नव्हता, ते आठवत नाही. त्यात हिंगणघाटच्या अकरा बातम्या होत्या. पूर्ण, नीट टाइप केलेल्या, खाली तारीख आणि वेळ असलेल्या.

चूक सापडायला पुढचे दोन दिवस गेले. ती अशी होती. संगणकाची मेमरी कमी, म्हणून प्रोग्रामचे सगळे भाग मी सुरुवातीलाच उचलत नव्हतो. ज्या भागाची गरज पडेल तो भाग, म्हणजे मॉड्यूल, त्या वेळी डिस्कवरून आणायचा. कोणती मॉड्यूलं आणली, याची एक यादी प्रोग्राम ठेवी. आणण्यापूर्वी यादी पाहायची, नाव असेल तर पुन्हा आणायचं नाही. एका फॉन्टचं अक्षर दुसऱ्यात कोणतं, हे सांगणारा अक्षरांचा तक्ता हे यातलं सर्वांत जड मॉड्यूल. ते भरायला त्या मशीनवर अर्धं मिनिट लागे. आणि तक्ता भरण्याच्या आधीच मी त्याचं नाव यादीत घालत होतो.

असं करण्याला कारण होतं. तक्त्याला मजकुराची सफाई करणारं मॉड्यूल लागत होतं आणि सफाईला तक्ता लागत होता. नाव आधी घातलं नसतं तर दोघांनी एकमेकांना आणत राहून प्रोग्राम गरगरत बसला असता. थ्रेड एकच असता तर या युक्तीनं काही बिघडलं नसतं. इथे दोन होते. पुलगावची बातमी छोटी असे, ती आधी पूर्ण होई. तिच्या थ्रेडनं यादीत तक्त्याचं नाव घातलं की तक्ता भरायला सुरुवात होई. एवढ्यात हिंगणघाटची बातमी पूर्ण होई, तिचा थ्रेड यादी पाही, नाव दिसे, आणि तो अर्धवट भरलेला तक्ता घेऊन कामाला लागे. पहिलंच न सापडणारं अक्षर आलं की बातमी 'नंतर पाहू' मध्ये. सकाळच्या आठवड्यात न्यायालयाची किंवा आर्वीची एखादी बातमी चारच्या आधीच येऊन जाई, तक्ता निवांत भरला जाई, आणि चार वाजता कोणाचंच काही बिघडत नसे.

काका सूचना पाळत होते म्हणून त्यांची बातमी अडकत होती. पाच मिनिटं उशीर केला असता तर ती पोचली असती.

शनिवारी मी डेस्कप्रमुखांना फोन केला. चूक प्रोग्रामची आहे, म्हणजे माझी आहे, असं सांगितलं.

"अरे बाबा, मशीन बिघडली तर सगळ्यांचीच बातमी जाईल न. एकाचीच कशी जाते? मशीन काय माणूस पाहून काम करते?"

मी समजावून पाहिलं. दुकानाची पाटी लागली आहे, आत माल अजून उतरतोय. पाटी पाहून गिऱ्हाईक आत शिरतं आणि रिकाम्या फळ्या पाहून परत जातं.

"वा," ते म्हणाले. "म्हणजे शेठचंच दुकान सांगितलंस तू मला."

त्यांच्या खोलीत आणखी कोणीतरी हसलं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघ, त्यांना थांबवायचं पत्र टाइप होऊन पडलंय. कॉलेजातला एक जण ठरलाय त्यांच्या जागी. मंगळवारी पत्र जाईल. तुला त्या माणसाची दया येते हे मी समजू शकतो."

दयेचा संबंध नव्हता, पण ते पटवून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. संगणकाच्या आत काय होतं ते फोनवर दाखवता येत नाही.

रविवारी मी प्रोग्राम दुरुस्त केला. पुस्तकात यावर उपाय दिलेला होता: लॉक, म्हणजे कुलूप. एक थ्रेड मॉड्यूल आणत असेल तोवर ते त्याच्या कुलपात राहील. दुसऱ्यानं बाहेर थांबायचं, अर्धवट काही उचलायचं नाही. मी प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्र कुलूप लावलं. माझ्याच टेबलावरून एकेक करून दोन-चार बातम्या सोडून पाहिल्या. पोचल्या.

सोमवारी चारला वीज आली. तिसऱ्या मिनिटाला दोन्ही मोडेमचे दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. दोन्ही बातम्या आत आल्या, दोन्ही पावत्या गेल्या, आणि नागपूरकडे काहीही निघालं नाही. एका थ्रेडनं तक्त्याचं कुलूप धरलं होतं आणि तो सफाईसाठी थांबला होता. दुसऱ्यानं सफाईचं कुलूप धरलं होतं आणि तो तक्त्यासाठी थांबला होता. हातातलं कोणी सोडत नव्हतं, कारण सोडायला मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पाच वाजेपर्यंत मी वाट पाहिली. मधे सेलूच्या वार्ताहरांचा फोन आला, लाइन एंगेज येते म्हणून. शेवटी मशीन बंद करून सुरू केली. तेवढ्यात दोन्ही बातम्या पुसल्या गेल्या. या खेपेला 'नंतर पाहू' मध्येही राहिल्या नाहीत.

साडेपाचला डेस्कप्रमुखांचा फोन आला.

"पुलगावचं काय झालं?"

"हिंगणघाटचं होत होतं तेच."

"त्यांनी मला फोन केला. पावती आहे म्हणतात."

"आहे. हिंगणघाटलाही आहे."

ते म्हणाले, "पुलगाववाला खोटं नाही बोलायचा." हिंगणघाटवाल्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. "तू असं कर, मला लिहून दे. चूक कशाची, कोणाची. तुझ्या सहीनं. आजच फॅक्स कर."

मी पाच ओळी लिहिल्या. हिंगणघाट वार्ताहरांच्या बातम्या वर्धा कार्यालयात वेळेवर येत होत्या, त्या आमच्या संगणकातच अडकल्या, यात त्यांचा दोष नाही. खाली सही करून फॅक्स केला. काकांना थांबवायचं पत्र निघालं नाही. डेस्ककडून काकांना त्याबद्दल काही कळवलंही गेलं नाही. पत्र निघालं नाही यातच सगळं आलं, असं डेस्कचं म्हणणं.

प्रोग्रामची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी, वीज असताना, तासाभरात झाली. मॉड्यूलागणिक कुलपं काढून टाकली. सगळी मॉड्यूलं आणण्यासाठी एकच कुलूप ठेवलं. आणि मशीन सुरू झाल्यावर, फोन उचलण्याच्या आधी, एका थ्रेडनं सगळी मॉड्यूलं ओळीनं आणून घ्यायची, असं केलं. मेमरी पुरेल की नाही अशी भीती होती. ती पुरली. हे पहिल्या दिवशीच करता आलं असतं.

बुधवारी एसटीनं हिंगणघाटला गेलो. बरोबर अकरा बातम्यांचे कागद होते. काका गल्ल्यावर होते. समोर दोन बायका पोलक्याचं कापड पाहत होत्या, आणि शेजारचे भांड्यांचे दुकानदार नेहमीप्रमाणे स्टुलावर बसले होते.

"या भाऊ. बसा," काका म्हणाले. चहा सांगितला. मी काय झालं ते सांगितलं. कुलूप, यादी, तक्ता. बोलताना माझ्याच लक्षात आलं की त्यांना एवढं नको आहे.

"म्हंजे मी पाठवत होतो," ते म्हणाले.

"हो."

"अन तुमच्यापाशी येत बी होत्या."

"हो."

"मंग गेल्या कुठं?"

"आमच्याच संगणकात होत्या. मी पाहिलं नाही."

भांडेवाले पुढे सरकले. "घ्या शेठ. आमी इचारत होतो तुमची बातमी बैलबंडीनं जाते का, तं ती साहेबाच्या घरीच मुक्कामाले!"

बायका हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी भांडेवाल्यांकडे पाहिलंही नाही.

"मशीनचं सोडा भाऊ," ते म्हणाले. "मशीन आहे, चुकते. मी तुमाले पावतीचा नंबर सांगतला. बराबर होता न नंबर?"

"बरोबर होता."

"मंग?"

मी चहा घेतला. त्यांच्या जागी दुसऱ्या माणसाचं नाव ठरलं होतं हेही मी सांगितलं, कारण नाहीतर ते त्यांना दुसऱ्याकडून कळलं असतं. त्यांना ते आधीच माहीत होतं. कॉलेजातले ते गृहस्थ याच दुकानातून कापड नेत, आणि गेल्या पंधरवड्यात ते येणं बंद झालं होतं.

"आता राह्यलं का गेलं माह्यं?"

"राहिलं. मी लिहून दिलं आहे."

"लिहून देल्लं," ते सावकाश म्हणाले. "काय लिहून देल्लं त्याची कॉपी आहे?"

होती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. मग अकरा बातम्यांचे कागद काउंटरवर पसरून एकेक पाहू लागले. एक आगीची होती, तिचा पंचनामाही होऊन गेला होता. सभा झाली होती, शिबिर उरकलं होतं, अपघातातला जखमी घरी परत आला होता. असे दहा कागद त्यांनी उलटे ठेवले. एक हातात राहिला. एका प्राथमिक शाळेसमोरच्या नाल्यावरचा छोटा पूल खचला होता आणि पोरं पाण्यातून जात होती, अशी ती बातमी. महिन्याभरापूर्वीची.

"हे चालते अजून," ते म्हणाले. "कोणी हात नाई लावला त्याले. काल पाहून आलो मी."

तारीख बदलून ती बातमी त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवली. चार वाजून तीन मिनिटांनी. ती आली, रूपांतर झालं, नागपूरला गेली. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"आली का?"

"आली काका. गेली पण पुढे."

"वाचा."

"सगळी?"

"सगळी."

मी पडद्यावरून वाचायला लागलो. मधे एकदा त्यांनी थांबवलं आणि शाळेच्या गावाचं नाव पुन्हा वाचायला सांगितलं. शेवटची ओळ झाल्यावर ते "ठीक" म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर खाली डावीकडे ती सात ओळींत आली.

त्यानंतर ते रोज फोन करत. मी नसलो तर ताई वाचत. नंतर नागपूरनं स्वतःची यंत्रणा दिली, माझा प्रोग्राम बंद झाला, बातम्या थेट डेस्कवर जायला लागल्या आणि आमच्या संगणकावर फक्त त्यांची प्रत येऊ लागली. तरी चार वाजून गेले की हिंगणघाटचा फोन यायचाच. एकदा मी म्हटलं, काका, आता आमचा काही संबंध राहिला नाही, बातमी सरळ नागपूरला जाते, अडकायची भीती नाही.

"असू द्या," ते म्हणाले. "वाचा तुमी."